बाबांची हत्यारं

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी ऑफिसात बसलो होतो आणि बाबांचा फोन आला. आमच्या ऑफिसात भिंत नावाचा प्रकार नाही, पन्नास माणसं एका हॉलमध्ये रांगेत बसतात. त्यात बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणजे आपण ओरडायचं. बाबा म्हणाले, "अरे, ती हत्यारं तू घेऊन जा आता. माझ्याच्याने काही व्हायचं नाही." मी म्हटलं, "बाबा, हत्यारं कुठे पळून चाललीयत का? शनिवारी गाडी घेऊन येतो, तेव्हा सगळी हत्यारं नेतो."

फोन ठेवला तर समोरचा लखनौचा पोरगा मान वर करून माझ्याकडे बघतोय. हळूच म्हणाला, "सर, हथियार? आपके घर में?"

मग त्याला समजावून सांगितलं. हिंदीतला 'हथियार' म्हणजे तलवार-बंदूक. मराठीत मात्र 'हत्यार' म्हणजे तलवारही आणि सुताराचा रंधाही. बाबा फिटर होते, त्यांची पेटी आणायची आहे. तो म्हणाला, "तो टूल्स बोलिए ना! एक ही शब्द में दोनों कैसे?" मी म्हटलं, इंग्रजीत नाही का 'आर्म्स'? एकाच शब्दात हातही आणि शस्त्रंही. तो म्हणाला, हां, वो तो है. आणि कानात हेडफोन घालून कामाला लागला.

त्याचं काम झालं, माझं डोकं मात्र तिथेच अडकलं. दोन शनिवार त्यातच गेले. तर आज 'आर्म्स'बद्दल.

या शब्दाशी माझं वैर जुनं आहे. सातवीत असताना इंग्रजीच्या पेपरात भाषांतराला एक वाक्य आलं होतं. आईने मुलाला हातांत घेतलं, असं काहीतरी. मूळ वाक्यात 'आर्म्स' होतं. आमच्या गाईडात मागे दिलेल्या शब्दार्थांत 'आर्म्स = शस्त्रास्त्रे' असं छापलेलं होतं आणि माझं पाठांतर चोख. मी लिहिलं, "आईने मुलाला शस्त्रांत घेतले." बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. घरी येऊन रडकं तोंड करून सांगितलं तर बाबा पोट धरधरून हसले. म्हणाले, "चूक कुठे आहे त्यात? तुझ्या आईच्या हातात लाटणं असतं तेव्हा बघ." आईने खरंच लाटणं दाखवलं आणि विषय संपला.

आता पन्नाशीला आल्यावर कळतंय की बाबा फारसं चुकीचं बोलले नव्हते.

इंग्रजीत 'आर्म' म्हणजे बाहू आणि 'आर्म्स' म्हणजे शस्त्रं हे दोन वेगळे शब्द आहेत. बाहूवाला इंग्रजीचा घरचा. अगदी जुन्या इंग्रजीत तो 'एआर्म' असा होता, जर्मनमध्ये आजही 'आर्म'च आहे. शस्त्रवाला मात्र बाहेरून आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या फ्रेंचमधून राज्यकारभाराचे आणि लढाईचे शब्द पुढची दोन-तीनशे वर्षं इंग्रजीत झिरपत राहिले. त्यातलाच 'आर्म्स', तेराव्या शतकाच्या आसपासचा. फ्रेंचमध्ये तो लॅटिनच्या 'आर्मा'वरून आला. लॅटिनमध्येही हा शब्द नेहमी अनेकवचनीच. आपल्याकडे 'भांडीकुंडी' म्हणतात तसा. एक 'आर्मा' असं काही नसतंच, सगळा संच मिळून 'आर्मा'.

आता गंमत अशी की हे दोन परके शब्द आणखी मागे नेले की भाऊभाऊ निघतात. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन या सगळ्या भाषांच्या मुळाशी एक भाषा मानतात, तिच्यात 'अर्' असा एक धातू होता असं अभ्यासक सांगतात. त्याचा अर्थ मारणं नाही, तोडणं नाही. त्याचा अर्थ जोडणं, एकात एक नीट बसवणं. बाहू खांद्याला जोडलेला असतो म्हणून तो 'आर्म'. लॅटिनमध्ये 'आर्मुस' म्हणजे खांदाच. आणि अंगावर नीट बसवलेली, हाताशी जुळवून ठेवलेली साधनं म्हणजे 'आर्मा'. आधी साधनसामग्री, मग लढाईची साधनसामग्री.

हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. जोडणं, एकात एक नीट बसवणं. इंग्रजीत याला काय म्हणतात? फिट करणं. आणि हे काम करणाऱ्याला? फिटर!

असो. या धातूचं खानदान फार मोठं आहे. ग्रीकमध्ये सांध्याला 'हार्मोस' म्हणतात, त्यावरून 'हार्मनी', म्हणजे सूर एकमेकांत नीट बसणं, आणि त्यावरून आपली हार्मोनियम. म्हणजे गाणाऱ्यांची पेटी आणि बाबांची पेटी लांबच्या नात्यातल्या निघाल्या. कौशल्य या अर्थाचा लॅटिन 'आर्स', म्हणजे इंग्रजीतला 'आर्ट', तो याच घरातला. आपल्याकडे वैदिक संस्कृतात बाहूला 'ईर्म' असा एक शब्द आहे, तो 'आर्म'चा थेट भाऊबंद. बैलगाडीच्या चाकाचे आरे, म्हणजे तुंब्यात एका टोकाने आणि पाट्यांत दुसऱ्या टोकाने बसवलेल्या त्या काठ्या, त्यांचा मूळ संस्कृत 'अर' याच धातूचा असं बहुतेक अभ्यासक मानतात. वेदांतलं 'ऋत' म्हणजे विश्वाची नीट जुळलेली व्यवस्था, तेही इथलंच धरतात.

लॅटिन 'आर्मा'ची पोरंबाळं तर आपल्या घरात फिरतायत. सकाळी मोबाइलवर वाजतो तो अलार्म. मूळ इटालियन 'आल्लार्मे', म्हणजे 'शस्त्रं घ्या!' शत्रू आला की पहारेकरी अशी हाळी द्यायचे. हाळीचं नाव आधी धोक्याच्या सूचनेला मिळालं आणि मग घड्याळाला. आता आपण शस्त्र घ्यायच्या हाळीवर स्नूझ दाबून परत झोपतो.

अलमारी बघा. लॅटिनमध्ये 'आर्मारियम' म्हणजे साधनं, हत्यारं ठेवायचं कपाट. पुढे युरोपातल्या मठांत पुस्तकं ठेवायच्या कपाटालाही तेच नाव होतं. पोर्तुगीजांनी तो शब्द जहाजात घालून इकडे आणला आणि आपण त्यात कपडे ठेवायला लागलो.

मिक्सर बंद पडला की रिवाइंडिंगवाला सांगतो, "आर्मेचर गेलं साहेब." लॅटिन 'आर्मातुरा', म्हणजे चिलखत, लढाईची सज्जता. आमच्या मिक्सरचं चिलखत आजवर दोनदा जळालंय.

आणि सगळ्यात मोठा पोरगा आपला आरमार. पोर्तुगीज 'आर्मादा', म्हणजे सशस्त्र झालेली, त्याचं मराठीत झालं आरमार. १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेलेलं स्पेनचं आर्मादा शाळेत वाचलेलं असतं. इंग्रजीतला 'आर्मी' हा त्याच शब्दाचा फ्रेंच अवतार. म्हणजे मूळ शब्द एकच, इंग्रजांकडे तो जमिनीवर राहिला आणि आपल्याकडे पाण्यात उतरला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाताशी आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमार उभं करायला घेतलं, आणि त्या काळी या किनाऱ्यावर जहाजं म्हटली की पोर्तुगीजांची, तेव्हा नावही त्यांचंच चिकटलं यात नवल नाही. महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे. पण आरमार हा शब्द मात्र टिकला तो टिकलाच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचं एक स्वतंत्र अंग आहे असं सांगितलंय. अंग! म्हणजे जो शब्द बाहूचा भाऊ होता तो फिरून शेवटी शरीराच्या अवयवापाशीच आला. अमात्यांना लॅटिनशी काही देणंघेणं नव्हतं, पण झालं खरं तसं.

आमच्या धंद्यातले लोक आता विचारतील, की मोबाइलमधला 'आर्म' प्रोसेसर? तो या कुटुंबातला नाही. ते नुसतं आद्याक्षरांचं नाव आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये पहिली चिप बनवली, 'एकॉर्न रिस्क मशीन', पुढे 'एकॉर्न'च्या जागी 'अ‍ॅडव्हान्स्ड' आलं. आडनाव सारखं म्हणून नातेवाईक समजायचं नाही.

आता वापराबद्दल. इंग्रजीत 'वेपन' आणि 'आर्म्स' दोन्ही शस्त्रंच, पण वागतात वेगळे. 'वेपन' सुटा मिळतो. एक वेपन, दोन वेपन्स. कुणाच्या हातात दगड असला तर पोलीस त्याला वेपन म्हणतील, आर्म्स नाही म्हणणार. 'आर्म्स' हा घाऊक माल. आर्म्स डील, आर्म्स रेस, स्मॉल आर्म्स. त्यात राज्य, सैन्य, कायदा, करार यांचा वास आहे. लंडनला एकदा कामासाठी गेलो होतो तेव्हा 'किंग्ज आर्म्स' अशी पाटी बघून मला वाटलं बंदुकांचं दुकान. निघाला बिअर पिण्याचा पब. सरदारांच्या ढालीवर ओळखचिन्ह असायचं, त्याला 'आर्म्स' म्हणतात. राजाचं चिन्ह पाटीवर रंगवलं की झाला पब. ही चिन्हं नोंदवणारं 'कॉलेज ऑफ आर्म्स' १४८४ पासून लंडनमध्ये आहे, नाव ऐकून कुणी तिथे गोळीबार शिकायला जाऊ नये.

अमेरिकेत तर या शब्दावर कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यांच्या राज्यघटनेच्या १७९१ मधल्या दुसऱ्या दुरुस्तीत 'बेअर आर्म्स' असे शब्द आहेत. त्याचा अर्थ सैन्यात लढणं, की कुणीही आपली बंदूक बाळगणं? २००८ मध्ये हेलर खटल्यात हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. काही भाषातज्ज्ञांनी कोर्टाला लेखी निवेदन दिलं, की हा वाक्प्रचार त्या काळी लष्करी अर्थाने वापरला जाई. कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी व्यक्तीचा हक्क मान्य केला. एका वाक्प्रचाराच्या अर्थावर एवढ्या बंदुका अवलंबून.

आपल्याकडे संस्कृतात वाटणी वेगळी आहे. हातात धरून मारायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र. अग्निपुराणातल्या धनुर्वेदात तर आणखी बारीक वर्गवारी आहे: यंत्राने सोडायची, हाताने फेकायची, फेकून परत घ्यायची, हातातच ठेवायची. आणि पाचवा प्रकार बाहुयुद्ध. म्हणजे काहीच नसेल तर बाहू हेच आयुध. तिथेही 'आर्म' आणि 'आर्म्स' एकाच यादीत बसलेत.

आणि आपलं हत्यार? पुष्कळांना वाटतं ते 'हत्या'वरून आलं. मलाही वाटायचं. पण हत्येचा धातू 'हन्', आणि हत्याराचं नातं प्राकृतातल्या 'हत्थ'शी, म्हणजे हाताशी. हातोडा, हातमाग, सोंडेला हात समजून हत्ती, त्याच रांगेत हत्यार. हाताने काम करायला लागतं ते. मारामारी हा त्यातला फक्त एक प्रकार. ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो. माणसांची ओळखच हत्याराने होते. आणि पुण्यात २०२३ च्या सुमारास पेपरात 'कोयता गँग' हा शब्द रोज यायचा, तोही कोयताच. आपल्या १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टने 'आर्म्स'ची व्याख्या करताना निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी, साधी हातातली काठी वगैरे वगळल्यात. म्हणजे कायद्यालासुद्धा शेवटी हेच विचारावं लागतं, की ही वस्तू कशासाठी बनवली?

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या शनिवारी बाबांकडे गेलो.

पेटी लोखंडी, हिरव्या रंगाची, जवळजवळ वीस किलोची. बाबा १९६९ मध्ये फिटर म्हणून लागले आणि पुढे टूलरूममध्ये गेले. १९९७ मध्ये कंपनीला टाळं लागलं. पेटी आत अडकली होती. बाबा चार महिने गेटवर खेपा घालत होते. पगार बुडाला त्याबद्दल त्यांना मी कधी बोलताना ऐकलं नाही, पेटीबद्दल मात्र रोज बोलायचे. शेवटी गेटपास मिळाला. तो पेटीच्या झाकणाला आतून अजून चिकटवलेला आहे: एक पेटी, वैयक्तिक टूल्स. पुढे सतरा वर्षं बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्या पेटीवर काम करत होते. माझं इंजिनिअरिंग त्या पेटीतून झालं.

आणि मी काय केलं होतं? २०१६ मध्ये घर बदलताना म्हटलं होतं, "बाबा, हे लोखंड आता भंगारात देऊन टाकू." बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "त्यांच्या हत्यारांना लोखंड म्हणायचं नाही रे."

बाबांनी पेटी उघडली. कानशी, छिन्न्या, डॉट पंच, गुण्या, टॅप आणि डाय, फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. एकेक वस्तू काढून मला सांगत होते. कानशीला तेल लावायचं नाही, काम करताना घसरते. खडू घासायचा, म्हणजे दात्यांत कीस अडकत नाही. मायक्रोमीटर ठेवताना पूर्ण बंद करून ठेवायचा नाही, थोडी फट ठेवायची. मी म्हटलं दाखवा ना. बाबांनी मायक्रोमीटर हातात घेतला आणि अंगठा आणि बोट वळवायला गेले. वळेना. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्यात. डॉक्टर त्याला आर्थ्रायटिस म्हणतात. ग्रीक 'आर्थ्रॉन', म्हणजे सांधा. तोही त्याच धातूचा. जोडणं, नीट बसवणं. हे मला आदल्याच रात्री कळलं होतं आणि बाबांना सांगावंसं अजिबात वाटलं नाही.

त्यांनी मायक्रोमीटर परत फडक्यात ठेवला. म्हणाले, "टाकलं बघ हत्यार शेवटी."

मराठीत हत्यार टाकणं म्हणजे शरण जाणं. १९९७ मध्ये ते टाकलं नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मला पटकन काही सुचलं नाही. माझे हात बरे आहेत, पण त्यांना आयुष्यात कीबोर्डापलीकडे काही ठाऊक नाही. मी एवढंच म्हटलं, "टाकलं कुठे? मला दिलंत. पण मला यातलं काही येत नाही, शिकवावं लागेल." बाबा म्हणाले, "तुला? कठीण आहे." आणि हसले.

पेटी आता माझ्या बाल्कनीत आहे. गेल्या रविवारी लेकीच्या खोलीच्या दाराची कडी बसेना म्हणून कानस काढली. व्हिडिओ कॉल लावून फोन स्टुलावर उभा केला. पलीकडून बाबा: "दोन्ही हातांनी धर. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. अरे उचल! लाकूड घासतोयस का?" पाऊण तास लागला. बाबांना पाच मिनिटं लागली असती. कडी बसली, जरा घट्ट आहे.

लहानपणी खंडेनवमीला बाबा ही पेटी पाटावर मांडून झेंडू वाहायचे. इतकी वर्षं मी ऑफिसात लॅपटॉपला हळदकुंकू लावून फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. या वर्षी पेटी पाटावर ठेवायची आहे. बाबांना आधीच सांगून ठेवलंय, तुम्हालाच यावं लागेल, पूजा कशी मांडायची ते मला माहीत नाही. खरं म्हणजे माहीत आहे.

लखनौच्या पोराला सोमवारी सांगितलं, हत्यारं आणली घरी. तो म्हणाला, "सर, लाइसेंस है ना?" मी म्हटलं, आहे. झाकणाला आतून चिकटवलंय.